टपालाने आलेला प्रसाद आणि दात्याचे स्वातंत्र्य

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा परस्परभेद जाणणे हा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणाचा पाया आहे. हा भेद आपण सभेत ऐकतो, पोथीत वाचतो, प्रश्नोत्तरांत सांगतोही. परंतु ज्ञानाची परीक्षा सभेत होत नाही. ती घराच्या उंबरठ्यावर होते, आणि पुष्कळदा एखाद्या अगदी क्षुल्लक वस्तूच्या निमित्ताने होते. प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक क्षुल्लक वस्तू आहे. ती म्हणजे कोणी मागविलेला नसताना टपालाने घरी येऊन पडणारा 'प्रसाद'.

या लिफाफ्याचे स्वरूप आता बहुतेक वासनिकांच्या परिचयाचे झाले आहे. दूरच्या एखाद्या देवस्थानाच्या, गोशाळेच्या, अन्नछत्राच्या किंवा अनाथाश्रमाच्या नावाने तो येतो. आत एखाद्या देवतेची रंगीत तसबीर असते. कधी लाल दोरा, कधी अंगाऱ्याची पुडी, कधी रुद्राक्ष, कधी पातळ पत्र्यावर उठविलेले यंत्र. सोबत पत्र असते. पत्रात आरंभी त्या वस्तूचे माहात्म्य, मध्ये संस्थेच्या कार्याचे वर्णन आणि शेवटी देणगीचे आवाहन असते. पूर्वी मनिऑर्डरचा पत्ता छापलेला असे. आता बँकेचा खातेक्रमांक आणि भ्रमणध्वनीने टिपावयाचा क्यूआर कोड असतो. वस्तूवर 'सप्रेम भेट' असे शब्द असतात, आणि रकमेच्या रिकाम्या चौकटी मात्र त्याच पत्राखाली असतात.

हा लिफाफा उघडल्यावर आपल्या लोकांत दोन प्रकारचे वर्तन दिसते. काहीजण भयाने किंवा संकोचाने पैसे पाठवून मोकळे होतात. 'देवाची वस्तू घरी आली, आता रिकाम्या हाताने कसे राहावे', असे त्यांना वाटते. दुसरे काहीजण, आपण परमेश्वराचे अनन्य भक्त आहोत या अभिमानाने, ती तसबीर हसत हसत केराच्या टोपलीत टाकतात. पहिल्यांस आपण भोळे म्हणतो आणि दुसऱ्यांस निष्ठावंत. विचारान्ती मात्र दोघांच्याही वर्तनात विवेकाचा अभाव आहे असे दिसून येईल. पहिल्याने वस्तूला नसलेले सामर्थ्य दिले. दुसऱ्याने वस्तूचा राग माणसाच्या श्रद्धेवर काढला. यास्तव या प्रसंगी तीन गोष्टींचा स्वतंत्रपणे विचार केला पाहिजे. अशा वस्तूने आपल्यावर ऋण येते काय? ती वस्तू आपणांस वंदनीय आहे काय? आणि देणगीचे जे आवाहन आहे, त्याला कोणत्या निकषाने उत्तर द्यावे?

प्रथम ऋणाचा विचार करू.

शंका अशी घेतली जाते की, आपल्या परंपरेत न मागता आलेल्या वस्तूला, म्हणजे अयाचिताला, वरचे स्थान आहे. याचना केल्यावाचून जे मिळते ते दैवयोगाने आले असे समजून साधक स्वीकारतो. मग हा लिफाफाही अयाचितच नव्हे काय? आणि अयाचित स्वीकारल्यावर दात्याचा उपकार मानू नये काय?

याचे समाधान असे की, अयाचित हा शब्द येथे लागूच होत नाही. अयाचितात घेणाऱ्याने मागितलेले नसते आणि देणाऱ्यालाही काही मागावयाचे नसते. लिफाफ्यात पहिले अंग आहे, दुसरे नाही. येथे याचना आहेच. ती फक्त दानाचा वेष घेऊन आली आहे. देणारा वस्तुतः मागणारा आहे आणि घेणारा वस्तुतः देणारा ठरावा अशी योजना आहे. न मागता दिलेली वस्तू निराळी आणि मागण्यासाठी दिलेली वस्तू निराळी. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, विसाव्या व एकविसाव्या श्लोकांत, दानाचा हाच भेद भगवान श्रीकृष्णांनी स्पष्ट केला आहे. जो परत उपकार करणार नाही अशाला, योग्य देश, काळ व पात्र पाहून, देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने दिलेले ते सात्त्विक. प्रत्युपकाराच्या अपेक्षेने, फळावर दृष्टी ठेवून किंवा मनास क्लेश होत असताना दिलेले ते राजस. या निकषावर घासून पाहता लिफाफ्यातली भेट ही प्रत्युपकारासाठीच दिलेली असल्यामुळे राजस ठरते. एवढेच नव्हे, तिच्या दडपणाखाली आपण जे पाठवितो तेही क्लेशाने दिलेले असल्यामुळे राजसच होते. म्हणजे एका राजस कृतीतून दुसरी राजस कृती जन्मास येते आणि दोन्ही टोकांना पुण्याची भाषा मात्र चालू राहते.

भेटीत परतफेडीचे बंधन दडलेले असते ही गोष्ट काही आपल्याच लोकांनी ओळखली आहे असे नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात अनेक जुन्या समाजांतील चालीरीती तपासून असे दाखविले की, वरवर ऐच्छिक दिसणाऱ्या भेटीत देणे, घेणे आणि परत करणे अशी तीन बंधने गुंतलेली असतात. मनुष्यस्वभावातील ही कृतज्ञता मुळात सद्गुण आहे. तिच्यामुळेच शेजारधर्म टिकतो. लिफाफा पाठविणारा या सद्गुणावर आपला हिशेब मांडतो, यातच त्याचा दोष आहे. छापील तसबिरीला येणारा खर्च थोडा असतो आणि कृतज्ञ मनाला वाटणारा संकोच मोठा असतो. त्या दोहोंतील अंतरावर हा व्यवहार चालतो. ज्याने एकदा पैसे पाठविले त्याचे नाव देणाऱ्यांच्या यादीत जाते आणि त्याच्याकडे आणखी लिफाफे येऊ लागतात. त्याने दिलेल्या रकमेतील काही भाग पुढच्या लिफाफ्यांच्या छपाईत व टपालखर्चात जातो, हेही उघड आहे.

व्यवहारशास्त्रही या बाबतीत दात्याच्या विवेकाला साह्यच करते. आपल्या देशाच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील १२२ व्या कलमाप्रमाणे दान हे स्वेच्छेने व मोबदल्यावाचून झालेले असावे लागते, आणि ज्यास दान केले त्याने ते स्वीकारल्यावाचून पूर्ण होत नाही. जे मोबदल्यावाचून दिले असे पाठविणाराच म्हणतो, त्याची किंमत मागण्याचा अधिकार त्याने स्वतःच सोडलेला असतो. अमेरिकेत, जेथे आपले अनेक मराठी बांधव राहतात, हा प्रश्न इतका वाढला की १९७० च्या टपालविषयक कायद्यात त्याची स्वतंत्र तरतूद करावी लागली. न मागविलेला माल टपालाने पाठविणे तेथे अनुचित व्यवहार ठरविले आहे. त्यास दोनच अपवाद आहेत, एक मोफत नमुने आणि दुसरा धर्मादाय संस्थांनी देणगीच्या आवाहनासह पाठविलेल्या वस्तू. परंतु अपवाद असला तरी घेणाऱ्याने त्या वस्तूला भेट समजावे, ती ठेवावी, वापरावी वा टाकून द्यावी, आणि त्यापायी त्याच्यावर पाठविणाऱ्याचे कोणतेही देणे राहू नये, असा त्या कायद्याचा आशय आहे. सारांश, कायद्याने ऋण नाही आणि शास्त्रदृष्टीनेही ऋण नाही. ज्याचे मूळ स्वीकार हे आहे, ते स्वीकारावाचून उत्पन्न कसे होईल?

आता भिक्षेशी या लिफाफ्याची तुलना करून पाहू, म्हणजे ऋणाचा हा मुद्दा आपल्याच आचारातून उकलेल. आपला भिक्षुक दारी येतो तेव्हा त्याच्या हाती रिकामी झोळी असते. तो आधी काही देऊन मग मागत नाही. आपली याचना तो लपवीत नाही. घरातून 'पुढे जा' असा शब्द आला तर मनात खंत वा रोष न धरता तो पुढे जातो, आणि जे मिळेल ते रुचीचा विचार न करता स्वीकारतो. यात भिक्षुकाचे वैराग्य आहे हे तर खरेच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. उघड्या याचनेत दात्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते. गृहिणीने दिले तर ते तिने दिलेले असते. नाही म्हटले तर तिच्या घरात तिला बोचणारे काही मागे राहात नाही. लिफाफ्याचे तसे नाही. याचक निघून गेला तरी त्याची वस्तू घरात राहते आणि पाहील त्यास पुन्हा पुन्हा मागत राहते. म्हणून उघडी याचना दैन्याची वाटली तरी प्रामाणिक आहे, आणि दानाच्या वेषातील याचना सुंदर दिसली तरी प्रामाणिक नाही. ज्या दानात दात्याचे स्वातंत्र्य नाही ते दान नव्हे. ती वसुली होय.

येथवर ऋणाचा विचार झाला. आता वंदनीयतेचा.

वस्तू वंदनीय कशाने होते, या प्रश्नाचे आपल्या पंथाचे उत्तर अत्यंत निश्चित आहे. ते उत्तर संबंध या एका शब्दात सामावते. परमेश्वर अवताराच्या श्रीचरणांचा, श्रीकराचा, सन्निधानाचा ज्या पाषाणाला, ज्या वस्त्राला, ज्या भूमीला संबंध झाला ती आपणांस नमस्कार्य. परमेश्वराच्या असन्निधानात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक हे चार आपले आधार. त्यांतील स्थान व प्रसाद यांचे माहात्म्य या संबंधावरच उभे आहे. आणि हा संबंध केवळ कोणी सांगितला म्हणून मानलेला नाही. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून, पडताळून मिळविल्या. कोणत्या गावी, कोणत्या दिशेस, कोणत्या ठिकाणी आसन झाले याची नोंद स्थानपोथीने ठेवली. आपली श्रद्धा साक्षीच्या पायावर उभी राहिलेली श्रद्धा आहे.

या दृष्टीने पाहता लिफाफ्यातल्या वस्तूला परमेश्वराचा संबंध नाही. 'अभिमंत्रित', 'सिद्ध', 'चरणस्पर्शित' हे शब्द तिच्यावर छापलेले असतील. परंतु छपाईने संबंध उत्पन्न होत नाही आणि यंत्रातून सहस्रावधी निघालेल्या तसबिरींपैकी कोणती कोठे ठेवली होती याची साक्ष कोणी देत नाही. यास्तव ती वस्तू आपणांस वंदनीय नाही. देवतेस अर्पिलेला नैवेद्य उपदेशी मनुष्याने घेऊ नये हा आपला आचार. तोच येथेही लागू आहे. दोरा मनगटास बांधावयाचा नाही, अंगारा कपाळी लावावयाचा नाही, यंत्र देवघरात ठेवावयाचे नाही. 'असू द्या, नुकसान काय आहे' ही वृत्तीच अनन्यतेला पोखरते. अन्यव्यावृत्ती प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यास हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

येथे एक नाजूक शंका येते. लिफाफ्यात भगवान श्रीकृष्णांचीच तसबीर आली तर? श्रीकृष्ण तर पंचकृष्णांतील, साक्षात परमेश्वर अवतार. ती टाकावी कशी आणि ठेवावी तरी कशी? याचे उत्तर असे की, तसबीर ही प्रसाद नव्हे, कारण तिला संबंध नाही. तथापि तिच्या दर्शनाने ज्याला स्मरण घडते त्याच्यासाठी ती स्मरणाचे निमित्त आहे. निमित्ताचा आदर करावा, त्यास साध्याची पदवी देऊ नये. घरात जागा असेल तर ती ठेवावी, नसेल तर आदराने दूर करावी. परंतु 'आमच्याच देवाचे चित्र आहे, म्हणून पैसे पाठविणे प्राप्त आहे', हा निष्कर्ष मात्र काढू नये. चित्र कोणाचे आहे यावरून ऋण ठरत नाही.

भयाचाही विचार येथेच करणे युक्त होईल. काही पत्रांत अशी वाक्ये असतात की, या वस्तूचा अनादर केल्यास हानी होईल, अमक्याचा व्यापार बुडाला, तमक्याचे मूल दगावले. हे पत्र इतक्या जणांस पाठवा, अशीही आज्ञा असते. वृद्ध माता-भगिनींच्या मनावर याचा किती परिणाम होतो हे घरोघरी पाहावयास मिळते. त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे की, जीवास जे सुखदुःख भोगावे लागते ते त्याच्या स्वतःच्या कर्माचे फळ होय. देवता फळ देतात ते जीवाच्या कर्माप्रमाणे. टपाल खात्याने आणून टाकलेल्या कागदाने त्यात भर पडत नाही आणि तो कागद परत पाठविल्याने काही कमी होत नाही. ज्याने परमेश्वराचे नाम घेतले त्याने एका छापील धमकीस भ्यावे, ही त्या नामाचीच उपेक्षा नव्हे काय? ज्या संस्थेला आपल्या कार्याचा विश्वास आहे ती भय दाखवून मागत नाही. भय दाखवून मागणारीला एक पैसाही देऊ नये.

परंतु वंदनीय नाही म्हणजे अवमाननीय आहे असे नव्हे, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाचकांनी लक्षात घ्यावा. वंदन आणि अवमान यांच्या मध्ये आदरयुक्त तटस्थतेची विस्तीर्ण भूमी आहे आणि साधकाचे स्थान तेथे आहे. आपण देवतांचे अस्तित्व नाकारीत नाही. त्यांच्याकडून मोक्ष मिळतो एवढेच नाकारतो. मग जिचे अस्तित्व आपण मानतो आणि ज्या प्रतिमेपुढे आपला शेजारी सकाळी हात जोडतो, ती उकिरड्यावर फेकण्याने आपल्या कोणत्या सिद्धान्ताची सिद्धी होते? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, सव्विसाव्या श्लोकात, कर्मात आसक्त असलेल्या अज्ञ जनांचा बुद्धिभेद करू नये असे भगवंतांनी बजावले आहे. आपण सात शतकांहून अधिक काळ उपहास, गैरसमज व अपप्रचार सोसलेला समाज आहोत. आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपणाऱ्यांच्या वंशजांना दुसऱ्याच्या पवित्र वस्तूचा अवमान कसा वाटतो हे निराळे शिकवावे लागू नये.

इतर धर्मांतही हा प्रश्न आहे आणि त्यांनी त्याची काही व्यवस्था लावली आहे. अमेरिकेतील कॅथलिक कुटुंबांकडे धर्मादाय संस्थांकडून जपमाळा, पदके व संतांची चित्रे अशीच न मागता येतात. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७१ वा नियम असा की, आशीर्वादाने पूजेसाठी निराळी काढलेली पवित्र वस्तू खाजगी मालकीची असली तरी आदरानेच हाताळावी, तिचा अनुचित उपयोग करू नये. अशा वस्तू निरुपयोगी झाल्यास जाळाव्या किंवा पुराव्या अशी त्यांची रूढी आहे. यहुदी लोक ज्यावर ईश्वराचे नाम लिहिले आहे असे जीर्ण कागद फेकून न देता निराळ्या कोठीत साठवितात व पुढे त्यांस भूमीत पुरतात. परक्यांच्या या आचारातून घेण्यासारखे एवढेच की, वस्तूची विल्हेवाट लावणे हीही एक धार्मिक कृती आहे, आणि ती उतावीळपणे करावयाची नसते.

मग आपण काय करावे? लिफाफा वरूनच ओळखू आला तर तो उघडू नये. घेण्यास नकार आहे असे सांगून टपालवाल्याकडेच परत द्यावा. सर्वांत निर्मळ मार्ग हाच, कारण यात स्वीकार होतच नाही. उघडल्यावर कळले तर, ज्याला ती वस्तू प्रिय आहे असा कोणी शेजारी असल्यास, तिचे माहात्म्य न सांगता आणि तिची निंदाही न करता त्यास विचारून द्यावी. कोणी म्हणेल की हा देवताभक्तीचा प्रसार झाला. तसे नाही. ज्या मार्गावर तो आधीच आहे त्यावर आपण त्यास नेले नाही. आपल्या घरी चुकून आलेली त्याची वस्तू त्याच्या हाती दिली. तसे कोणी नसेल तर कागद व दोरा शेतात वा अंगणात कोरडी जागा पाहून पुरावा, किंवा निर्माल्यासाठी ठेवलेल्या कलशात ठेवावा. धातू निराळा काढून मोडीत द्यावा. प्लास्टिकचे आवरण घातलेल्या तसबिरी मात्र गोदावरीत किंवा गावच्या ओढ्यात सोडू नयेत. विसर्जनाच्या नावाखाली सोडलेले ते आवरण कुजत नाही. ते जलचरांस आणि काठावर चरणाऱ्या गुरांस बाधते. शरण आलेल्या सशाचे रक्षण करणाऱ्या स्वामींच्या अनुयायांकडून, पवित्रतेच्या नावाने का होईना, हिंसा घडू नये.

आता तिसरा प्रश्न, देणगीचा.

ऋण नाही, वंदनीयता नाही, म्हणून देणेही नाही, असा निष्कर्ष घाईने काढला तर तो चुकीचा ठरेल. लिफाफा पाठविण्याची रीत सदोष असली तरी त्यामागे खरोखरच पोरकी मुले असू शकतात, म्हाताऱ्या गाई असू शकतात, रुग्ण असू शकतात. रीतीच्या दोषामुळे त्यांची भूक खोटी होत नाही. म्हणून वस्तू आणि आवाहन या दोहोंची फारकत करावी. वस्तूचा निकाल आधी लावावा आणि ती घरातून गेल्यावर, काही दिवस जाऊ देऊन, मनास असे विचारावे की ही वस्तू आलीच नसती, केवळ एक साधे विनंतीपत्र आले असते, तर मी दिले असते काय? उत्तर 'होय' असे आले तर द्यावे. ते देणे स्वतंत्र मनाचे होईल. उत्तर 'नाही' असे आले तर देऊ नये आणि मनास लावूनही घेऊ नये.

देण्यापूर्वी देश, काळ व पात्र पाहावे हे गीतेने सांगितलेच आहे. आजच्या व्यवहारात पात्र पाहणे म्हणजे काय? संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे काय, आपल्या राज्यात असेल तर धर्मादाय आयुक्तांकडील तिचा नोंदणी क्रमांक काय, हिशेब ती दाखविते काय, जे काम ती सांगते ते कोणी डोळ्यांनी पाहिले आहे काय, हे विचारावे. विचारण्यात अविश्वास नाही. म्हाइंभटांनीही विचारूनच लिहिले. ज्याला विचारल्याचा राग येतो त्याच्यापाशी पात्रता कमी आहे असे समजावे. आणि देश पाहणे म्हणजे, दूरच्या अनोळखी संस्थेपूर्वी आपल्या गावातील उपाशी माणसाकडे, शाळा सुटलेल्या मुलाकडे, आजारी भिक्षुकाकडे दृष्टी टाकणे. तो लिफाफा पाठवू शकत नाही, म्हणूनच कदाचित त्याचा अधिकार अधिक आहे.

लिफाफा आश्रमाच्या पत्त्यावर आला तर भिक्षुकांनी काय करावे, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. भिक्षुक निष्परिग्रही, त्याच्यापाशी देण्यास द्रव्य नाही आणि असू नये. आश्रमात जे द्रव्य आहे ते वासनिकांनी परमेश्वरमार्गातील साधकांच्या निर्वाहासाठी, स्थानांच्या सेवेसाठी विश्वासाने ठेवलेले असते. ते महंतांच्या संकोचापोटी अन्यत्र पाठविणे म्हणजे एकाच्या ठेवीतून दुसऱ्याची लाज राखणे होय. भिक्षुकाने त्या लिफाफ्यास निरूपणाचे निमित्त करावे, आणि जवळ बसलेल्या वासनिकांना संबंध, अनन्यता व सात्त्विक दान यांचा भेद समजावून सांगावा. त्याच्याकडून होण्याजोगे दान हेच आहे.

शेवटी एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट. येथपर्यंत आपण इतरांच्या लिफाफ्यांचे परीक्षण केले. तेच माप आपल्याकडे फिरवून पाहावयास नको काय? आश्रमांचे खर्च वाढले आहेत, स्थानांच्या जीर्णोद्धाराची कामे पुढे उभी आहेत, यात्रा-उत्सवांस द्रव्य लागते. अशा वेळी दिनदर्शिका, चित्रे, प्रसादाच्या पुड्या पाठवून त्याखाली खातेक्रमांक छापावा असा मोह कोणासही होणे स्वाभाविक आहे. इतर सर्व पाठवितात, मग आम्ही का नको, असे वाटेल. परंतु इतरांची ही रीत आपल्यास दोषास्पद वाटत असेल तर पंचकृष्णांच्या नावाने ती निर्दोष होणार नाही. उलट अधिक दोषास्पद होईल, कारण आपण संबंधाचे माहात्म्य जाणतो. प्रसाद या शब्दाचा अर्थ ज्यांना ठाऊक नाही त्यांनी तो शब्द देणगीच्या पावतीस जोडला तर ती त्यांची अनभिज्ञता. आपण जोडला तर ती परमेश्वराच्या संबंधाची विक्री. संबंधी वस्तू, मग तो पाषाणाचा कण असो वा वस्त्राचा धागा, द्रव्यप्राप्तीचे साधन म्हणून कधीही कोणाकडे पाठवू नये. याबाबत कोणत्याही आश्रमाने सवलत घेऊ नये, आणि घेतलीच तर वासनिकांनी ती नम्रतेने पण स्पष्टपणे नाकारावी.

मागावयाचे असेल तर आपल्याला मार्ग घालून दिलेलाच आहे. रिकाम्या झोळीने, उघड्या शब्दांनी, कारण सांगून मागावे. निमंत्रण पाठवावे ते निमंत्रणच असावे. विनंतीपत्र पाठवावे ते विनंतीपत्रच असावे. मिळालेल्या पैशाचा हिशेब मागण्यापूर्वी द्यावा. जो नाही म्हणेल त्याच्या दारी पुढच्या वर्षीही त्याच प्रसन्न मुखाने जावे. यात उत्पन्न कदाचित कमी येईल. पण जे येईल ते निर्मळ येईल, आणि देणाऱ्याचेही त्यात हित होईल. दात्याच्या हिताचा विचार न करता घेतलेले दान आश्रमाची भिंत उभी करील; साधक उभा करणार नाही.

तात्पर्य, टपालाने आलेल्या अशा वस्तूचे ऋण मानू नये, तिला वंदन करू नये, तिचा अवमान करू नये, तिचे भय धरू नये. देणे झाल्यास स्वतंत्र मनाने, पात्र पाहून द्यावे. मागणे झाल्यास उघडपणे मागावे. चार पदार्थांचा भेद ज्याला कळला त्याला एका लिफाफ्यासमोर गोंधळून जाण्याचे कारण नाही, आणि जो गोंधळला त्याने तो भेद पुन्हा एकवार आपल्या गुरूंपाशी बसून ऐकावा.

दंडवत प्रणाम.